चौदा किलो तीनशे ग्रॅम

चौदा किलो तीनशे ग्रॅम.

हरभऱ्यातली ओल मोजायचं सगळ्यात स्वस्त यंत्र म्हणजे दात.

हेअर ड्रायरच्या मुठीवर बारीक अक्षरांत १००० वॅट लिहिलेलं असतं. ते वाचणारा माणूस अजून जन्मलेला नाही.

कमरेपर्यंतचे केस पाऊण तांब्या पाणी धरतात.

आता क्रमाने.

हनीफ लातूरच्या मार्केट यार्डात तीस वर्षं काट्यावर आहेत. त्यांची मुलगी अर्शिया पार्लर चालवते. लातूरबाहेरची पहिली नवरी तिला मिळाली, औशाची विशाखा. ही नीट सजली तर औसा आपलं, नाहीतर पुन्हा गल्लीतल्या भुवया. औशात लाईटचा भरवसा नाही, म्हणून बापलेक लिथियमचं पॉवर स्टेशन घ्यायला गेले. म्हणजे सुटकेसएवढी बॅटरी, तिला घरातल्यासारखे सॉकेट.

दुकानदाराने दोन काढली. अर्शिया लेबल वाचायला लागली. हनीफनी दोन्ही उचलून पाहिली.

"हे नऊ. ते चौदा, वर तीनेकशे ग्रॅम."

दुकानदाराने खोक्यावर पाहिलं आणि तिथेच हरला. तरी म्हणाला, "चाचा, नऊवाल्यात साठा निम्मा हाय, पण एका दमात बाराशे वॅट देतंय. चौदावाल्यात साठा दुप्पट, देतंय मात्र तीनशेच."

"अब्बा, हे वजनावर नसतं."

"सगळं वजनावर असतं, बेटा. हलका माल म्हणजे किडका माल. दुप्पट म्हणला ना? बांध."

औसा. लग्न साडेबाराला. पावणेअकराला विशाखा न्हाऊन बसली आणि लाईट गेली. अर्शियाने ऐटीत ड्रायर लावला.

पीं. बंद.

परत लावला. पीं.

"काय गं पोरी, मशीन आणलंस का पिपाणी?" विशाखाची आत्या नागुबाई म्हणाली.

दाराबाहेरून हनीफ म्हणाले, "खराब माल दिला लेकाच्यानं!"

अर्शियाने आयुष्यात पहिल्यांदा ड्रायरची मूठ वाचली. "माल चांगलाय, अब्बा. ड्रायर हजार मागतोय, हे तीनशे देतंय. पोतं भरलेलं हाय, तोंड शिवलेलं हाय."

पोत्याचं हनीफना लगेच कळलं.

"आत्या, टेबलफॅन हाय का? त्याला पन्नास वॅट लई झाले."

फॅन आला. लागला. विशाखा त्याच्याकडे पाठ करून बसली, अर्शिया आणि नागुबाई बोटांनी केस मोकळे करायला लागल्या. बाहेर बातमी फुटली की आत लाईट आहे. चार्जर घेऊन वऱ्हाड दारात.

"हनीफभाई, दोनच टक्के राहिलेत हो माझे."

"नवरीचे केस ओले हायत आन् तुला रील बघायचंय? हट!" आता पोत्याची राखण हनीफ करत होते.

बारा वाजून दहा मिनिटं. मोबाईलमधल्या नमुन्याच्या फोटोत नवरीच्या डोक्यावर बत्तीस कुरळ्या बटा होत्या. विशाखाचे वरचे केस वाळलेले, आतले गार. अर्शियाचे हात थांबले.

"ताई," विशाखा म्हणाली, "पुढच्या दोन बटा करा, मागं अंबाडा घाला. आत ओलं हाय ते कोण बघायला येतंय?"

बटा करायची कांडी साठ वॅटची. चालली. अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा आला, त्याखाली पांढऱ्या साडीवर बशीएवढा ओला डाग. फोटोग्राफरने पाहिला, पण त्याला समोरून फोटो काढायचे पैसे होते. बुद्धवंदना सुरू झाली तेव्हा विशाखा बसली होती ताठ, कारण मानेवरून थेंब खाली उतरत होता.

मागे एक बाई दुसरीला विचारत होती, "कोण गं ती पार्लरवाली?"

हनीफनी मशीनच्या पडद्यावरचा आकडा वाचला. "ब्याण्णव टक्के शिल्लक! बघा आत्या, वजन काय असतं ते."

"मग आता उचला की लातूरपर्यंत," नागुबाई म्हणाली.

विशाखाचे केस आदल्या दिवशीच धुऊन वाळलेले होते. सकाळी त्यांत वाटीभर तेल नागुबाईने चोळलं, म्हणून पुन्हा न्हाणं.