अर्धं बोट मागे

कारखान्यात आम्ही सहा वेल्डर होतो. खुर्च्यांचे लोखंडी सांगाडे जोडायचं काम. सगळ्यांत जुना मी, आणि सगळ्यांत नवा माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला मीच तिथे चिकटवला होता. आता त्याला दोन मुली आहेत.

मग रोबोचा हात आला. माणसाहून उंच, बोल्टांनी जमिनीला आवळलेला. त्याचं मनगट धरून सांध्यावरून एकदा फिरवायचं, की त्याच्या जन्मभर लक्षात राहतं म्हणे. "मास्तर, तुमच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही, तुम्हीच शिकवा," मॅनेजर म्हणाला. हरभऱ्याच्या झाडावर चढवणं ते हेच. मी चढलो.

जेवणाच्या सुट्टीत आमचं ठरलं. सांधा संपतो तिथे बारीक खड्डा राहतो आणि तडा तिथूनच जातो. म्हणून आम्ही शेवटी अर्धं बोट मागे येतो, खड्डा भरतो, मगच हात उचलतो. हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही.

"दाजी, तेवढं फक्त गाळा," मेहुणा म्हणाला. "सांधे टेस्टमध्येच फुटतील आणि हे धूड परत जाईल. खुर्चीवरून कुणी पडायचं नाही, आपली नोकरी तेवढी वाचेल."

मी सगळ्यांसमोर शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी रोबोचं मनगट धरलं, सावकाश सांध्यावरून नेलं, आणि टोकाला माझा हात आपसूक मागे आला. पंचवीस वर्षांची सवय! जित्याची खोड, दुसरं काय.

पण अजून वेळ गेली नव्हती. रोबोबरोबर आलेली इंजिनिअर मुलगी स्क्रीनकडे बघत म्हणाली, "काका, शेवटी हात चुकून मागे आला वाटतं. तेवढं पुसून टाकू?"

'हो' म्हणायचं होतं. एवढंच. पलीकडून मेहुणा डोळ्यांनी विनवत होता. पण तो 'चुकून' मला मिरचीसारखा झोंबला. माझा हात, आणि चुकून?

"चुकून कसा येईल?" मी खेकसलो. "तसाच यायला पाहिजे. खड्डा भरायचा, मग उचलायचं. नाहीतर सांधा फुटतो, पोरी!"

वर तिला दोनदा करूनही दाखवलं. अशी कशी बुद्धी फिरते माणसाची?

टेस्टला आठ सांधे ताणले. लोखंडी पट्ट्या वाकल्या, पण सांधा एकही तुटला नाही. आणि खरं सांगतो, क्षणभर माझी छाती फुगली. त्याची लाज अजून जात नाही.

शनिवारी पाच जणांना घरी बसवलं. मला ठेवलं, रोबोपुढे पट्ट्या मांडायला.

मेहुण्याने कपाट रिकामं केलं आणि माझ्यापाशी आला. मला वाटलं, आता थोबाडीत देतो. दिली असती तर बरं झालं असतं.

"दाजी, 'पुसून टाकू?' असं त्या मुलीने तुम्हाला विचारलं होतं, हे ताईला कळू देऊ नका," तो हळूच म्हणाला. "यंत्र आपलं आपणच शिकलं म्हणून सांगा. मीही तेच सांगेन. तुमचं घर तरी नीट राहू दे."

घरी जाऊन मी तसंच सांगितलं. बायको माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि त्या मेल्या यंत्राला तिने तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. तिच्याबरोबर मीही दिल्या.