पेवाची वाफ

दिल्लीची फौज बऱ्हाणपुराहून निघून घाट चढून वर आली तेव्हा तिच्याजवळ दहा हजार घोडी होती, हत्ती होते, तोफा होत्या. नव्हता तो फक्त दाणा. धान्य घेऊन मागून येणारा वंजाऱ्यांचा तांडा निजामशाहीच्या बारगीर घोडेस्वारांनी घाटातच लुटला होता. त्यांची लढायची रीतच तशी, समोर म्हणून उभं राहायचं नाही, मागून रसद तोडायची आणि पसार व्हायचं. अकरा दिवस झाले, ना बैल आले ना गोण्या. घोडी छपराचं गवत ओढून खात होती. तोफेचा बैल कोसळला की शिपाई तिथंच चूल मांडत होते, मग ती तोफ वाटेत पडून राहायची. जग जिंकायला निघालेले लोक आणि पोटात कावळे कोकलतात, काय म्हणावं याला!

चिखलीकडून मेहकराच्या वाटेला लागल्यावर या फौजेची एक टोळी दाणा शोधत सुलतानपुराच्या अलीकडच्या एका गावात शिरली. गाव साठ घरांचं, पण ओस. माणसं गुरांसकट डोंगरात गेली होती. मागं राहिला होता एकटा तुळशीराम पाटील, कारण बोलायला कोणीच सापडलं नाही तर शिपाई चिडून गाव पेटवतात.

पाटलाच्या दारापुढच्या उकिरड्याखाली गावाचं पेव होतं. दोन पुरुष खोल खड्डा, आतून कडबा आणि लिंबाचा पाला लावलेला, गळ्यापर्यंत ज्वारीनं भरलेला, वर दगड ठेवून मातीनं लिंपलेला. साठ घरांचं पुढल्या पिकापर्यंतचं खाणं त्यात होतं आणि पेरणीचं बीसुद्धा.

डोंगराकडं निघताना पाटलाची बायको कौशल्याबाई बजावून गेली होती, "हे पाहा, पेव सापडलंच त तोंडातून शबद काढू नका. उतरू द्या त्याइले. वाफ आपलं काम करते. दोन-चार मेले की भूत हाय म्हनून पळतीन अन् दाना आपला आपल्याले राहीन."

"हाव," तुळशीराम म्हणाला होता.

घाटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की बंद पेवात विषारी वाफ धरते. पेव उघडलं की एक दिवस, एक रात्र तोंड उघडं ठेवायचं. मग दिवा सोडायचा. दिवा तेवला तर माणूस उतरतो, विझला तर आणखी एक दिवस थांबतात. घाई केलेला माणूस वर येत नाही.

टोळीच्या जमादाराजवळ एक दुभाष्या होता, रंगराव नावाचा, बाळापूरकडचा. पाटलाशी सगळं बोलणं त्याच्याच तोंडून चाललं. आणि पाटलानं सकाळपासून खोट्याचा नुसता पाऊस पाडला.

"दाना? कुठला दाना जी? टोळानं खाल्ला. आमीच उंबरं खाऊन राह्यलो."

"पेव कुठं हाय?"

"पेव म्हन्जे काय जी?"

घाटावरचा पाटील, आणि पेव म्हणजे काय विचारतो! रंगरावालाही हसू आलं. तुळशीरामानं महादेवाची आण घेतली, आईची घेतली, रडूनही दाखवलं. शिपायांनी लोखंडी गज घेऊन अंगणं ठोकायला सुरुवात केली आणि दुपार कलायच्या आत उकिरड्याखाली गज पोकळ वाजला.

त्यांनी उकिरडा उपसला, दगड सरकवला. आतून आंबूस, कोंदट वास आला आणि भुकेली माणसं त्या वासानंच पुढं रेटली. तुळशीराम भिंतीला टेकून उभा राहिला. मनात म्हणाला, उतरा लेकहो, उतरा.

जमादार शिपायांना मागं सारून, वाटेत वेठीला धरून आणलेल्या गड्यांकडं बघून ओरडला. जो पहिली गोणी भरून देईल त्याची वेठीतून सुटका, शिवाय त्याला ओंजळभर नाही, ओटीभर ज्वारी. रंगरावानं ते मोठ्यानं सांगितलं तसा वेठीच्या गड्यांतून एक जण पुढं आला. बरगड्या वर आलेल्या, पंचविशीतला.

"मी उतरतो जी. कडूबा म्हनतेत मले. वडनेरचा हाओ. माही बैलजोडी धरून आनली यांनी अन् खाऊन टाकली. आता मले त घरी जाऊ द्या."

तुळशीराम भिंतीपासून सुटला. हे काय होऊन बसलं? पागोटेवाले परके शिपाई मरतील असं त्यानं धरलं होतं. हा तर आपल्याच बोलीचा, घाटाखालचा कास्तकार. आणि घाटाखाली पेव नसतं. तिथल्या काळ्या जमिनीत पाणी झिरपतं, म्हणून दाणा घरात कणगीत ठेवतात. या पोराला वाफ ठाऊक असणार तरी कशी?

कडूबा कमरेला दोर बांधू लागला. तुळशीरामाच्या डोळ्यांपुढं साठ घरं उभी राहिली, कौशल्याबाई उभी राहिली. तरी त्याच्यानं राहवलं नाही.

"थांब बे! उतरू नको! आत वाफ हाय, मरशीन! एक दिवस, एक रात उघडं ठेवा लागते, मंग दिवा सोडा लागते. दिवा विझला त कोनी उतरत नाई!"

रंगरावानं जमादाराला ते समजावलं आणि दोघंही हसले.

"पाटील," रंगराव म्हणाला, "सकाळी तुमाले पेव म्हन्जे काय हे ठाऊक नव्हतं. आता त्याची वाफबी ठाऊक झाली! लबाडाचं आवतन जेवल्याबिगर खरं नाई. रातभर थांबलो त सकाळी पेव रिकामं करून ठेवसान."

"महादेवाची आन!"

"हे आन सकाळीबी घेतली होती."

"मंग दिवा तरी सोडा!"

"तेल कुठं हाय बाप्पा? फौजेत आठ दिवसांपासून दिवा नाई लागला."

घरातलं तेल बायकोबरोबर डोंगरात गेलं होतं, निदान जळतं लाकूड तरी सोडावं म्हणून तुळशीराम विस्तव आणायला घरात धावला. पण धूर दिसू नये म्हणून तीन दिवस चूलच पेटवली नव्हती. राख उकरून पाहिली, थंडगार. तो तसाच काळ्या हातांनी परत पळत आला आणि त्यानं कडूबाचा दंड धरला.

कडूबानं त्याच्याकडं पाहिलं. रागानं नाही, समजुतीनं पाहिलं. "मामा, दाना कोनाचाबी जीव की प्रान असते. तुमच्या जागी मी असतो त मीबी हेच म्हनलो असतो. पन माही बायको वाट पाहून राह्यली," असं म्हणून त्यानं हात सोडवला आणि तो खाली सरकला.

"हाय!" आतून आवाज आला. "लय हाय, मामा, लय..."

पुढं काही नाही.

त्यांनी दोर ओढून त्याला वर घेतलं. ओठ निळे पडले होते आणि मुठीत ज्वारी होती. शिपाई चार पावलं मागं हटले. एक जण देवाचं नाव घेऊ लागला. अजून एखादा उतरला असता आणि मेला असता तर ते पळालेच असते. पण जमादार कडूबाकडं बघत राहिला, मग पाटलाकडं, आणि रंगरावाला त्यानं विचारलं, "बूढा काय म्हणत होता? किती वेळ?"

"एक दिवस, एक रात," रंगराव खाली मान घालून म्हणाला. "मंग दिवा."

पेवाभोवती पहारा बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी छावणीवर जाऊन कोणीतरी माहुताकडून, हत्तीच्या कपाळाला चोळायला त्यानं जपून ठेवलेलं वाटीभर तेल आणलं. दिवा तेवला. संध्याकाळपर्यंत पेव रिकामं झालं. साठ घरांचं ते खाणं त्या फौजेला एक वेळही पुरलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी ती उपाशीच पुढं निघून गेली.

डोंगरातून गाव परतलं तेव्हा तुळशीराम आपल्या शेताच्या बांधावर कडूबाची राख गोळा करत होता. कौशल्याबाई पेवाच्या काठावर उभी राहून कितीतरी वेळ आत बघत होती. मग शेतात आली. आवाज चढवला नाही तिनं.

"गजानं सापडलं, ते समजलं. पन कोनी मेलं नाई त्याइचं? वाफेचं कोन सांगतलं?"

"मी."

"काऊन?"

"आपला होता तो, वडनेरचा. मामा म्हने मले."

तिनं राखेकडं पाहिलं. "मंग आयकलं त्यानं तुमचं?"

"त्यानं नाई," तुळशीराम म्हणाला. "बाकी समद्याइनं आयकलं."