खालच्या काकांची साक्ष

इमारतीत तिला सगळे दातवाली म्हणत, कारण ती एका लॅबमध्ये कवळ्या बनवायची. तिचं काम इतकं सफाईदार होतं की परदेशातल्या एका दवाखान्याने तिला बोलावून घेतलं. नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा, तो मास्तर. सोबत जाण्यासाठी त्याला कुठलंही कसब दाखवायचं नव्हतं. आपण तिचा नवरा आहोत, एवढंच पटवून द्यायचं होतं. घोडं तिथेच पेंड खात होतं.

लग्न नोंदवलेलं होतं, फोटो होते. पण व्हिसाची कामं करणारा एजंट म्हणाला, "कागद सगळेच आणतात. खोट्या जोडप्यांचे तर जास्त नीटनेटके असतात. घरी चौकशीला माणूस येईल, शेजाऱ्यांना विचारेल. शेजाऱ्यांशी कसं आहे?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेजारी म्हणजे खालचे काका, कोर्टातून निवृत्त झालेले लघुलेखक. या दोघांच्या भांडणांना कंटाळून ते बहुतेक रोज काठीने छत ठोकायचे. भांडणं मोठी नव्हती, आवाज मोठा होता. ओला टॉवेल, टूथपेस्टचं उघडं झाकण, तिच्या आईचे फोन, त्याच्या रंगांचे डाग. विषय कमी पडले नव्हते.

"व्हिसा येईपर्यंत तोंडात मिठाची गुळणी," दातवालीने जाहीर केलं.

ती दोघांनी धरली. जिन्यात ती "अरे" सोडून "अहो" म्हणू लागली. तो तिच्यासाठी दार उघडून उभा राहू लागला. भांडण पोटात मावेनासं झालं की दोघं संध्याकाळी लॅबमध्ये जात, आणि कुणाला संशय नको म्हणून घरातून वेगवेगळे निघत. तिथे फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत. ते आ वासून सगळं ऐकून घेत आणि कुणाला सांगत नसत.

काकांची काठी थांबली. काका खूश आहेत, असं दोघांनी गृहीत धरलं.

दोन महिन्यांनी, सुट्टीच्या दिवशी सकाळी चौकशीवाला आला. तो आधी खालीच थांबला. वर यांनी स्वागतासाठी दार उघडं ठेवलं होतं. जिन्यातून शब्द न् शब्द वर येत होता, जसा इतकी वर्षं खाली जात असणार.

"वरचं जोडपं एकत्र राहतं का?"

"पूर्वी राहायचं," काका म्हणाले. "त्यात शंकाच नको. रोज ऐकायचो. आता दोन महिने आवाज नाही. संध्याकाळी ती एकटी बाहेर पडते, थोड्या वेळाने तो एकटा. आधी 'अरे' म्हणायची, आता 'अहो, तुम्ही पुढे व्हा ना' म्हणते. बँकेत गिऱ्हाइकाशी बोलतात तसं."

"म्हणजे वेगळे झालेत?"

"ते मी कसं सांगू? जन्मभर ऐकलं तेवढंच लिहिलं. 'काही ऐकू आलं नाही', एवढं लिहा."

वर दातवालीचा चेहरा उतरला.

"घे, म्हण अजून अहो," मास्तर कुजबुजला.

"आणि वेगवेगळं निघायचं कुणी काढलं?"

"हळू बोल."

"हळू बोलूनच ही पाळी आलीय! तुला बरंच झालं म्हणा. तुला यायचंच नव्हतं. तुझी शाळा, तुझे रंग, तुझी ती कळकट खुर्ची..."

"कुठली शाळा? राजीनामा दिलाय मी!"

"काय? कधी?"

"सोमवारी."

"व्हिसाचा पत्ता नाही आणि राजीनामा? मला न विचारता? उद्या नाही म्हणाले तर खाणार काय, खडू?"

"विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, तू राहा, नोकरी सांभाळ, मी पुढे जाते."

"म्हणालेच असते! कुणीही शहाणी बाई हेच म्हणेल!"

"म्हणूनच नाही विचारलं!"

"अरे मूर्ख माणसा, मग तिकडे मी काय भिंतीशी भांडले असते?"

खालून छतावर काठी पडली. ठक, ठक, ठक. मग काकांचा शांत आवाज आला, "हेच ते. आता हे लिहा."

चौकशीवाला वर आला तेव्हा भांडण टॉवेलपर्यंत पोचलं होतं. तो थोडा वेळ दारातच थांबला. कुणाचं आपल्याकडे लक्ष नाही, असं पाहून त्याने कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि जिना उतरून निघून गेला.

व्हिसा आला. निघताना दोघं काकांच्या पाया पडायला गेले.

"तिकडे घर बघताना भिंती जाड आहेत का ते आधी बघा," काका म्हणाले, "आणि जाड असल्या तर घेऊ नका. व्हिसाची मुदत वाढवायला पुन्हा साक्ष लागेल."