मावशीचे हात

माझी आई आणि मावशी, दोघींना जन्मापासून ऐकू येत नाही. शाळेचं तोंड दोघींनीही पाहिलं नाही. लहानपणी आपसात त्यांनी हातांची एक भाषा तयार केली होती. ती फक्त त्या दोघींनाच यायची. मावशी लग्न होऊन समुद्रापार गेली आणि आईला त्या भाषेत बोलायला कुणी उरलं नाही. आमच्याशी ती खाणाखुणा करायची, कामापुरत्या. आम्हाला वाटायचं, स्वभावच अबोल आहे.

मावसभावाचा नंबर मिळाला, तसा मी व्हिडिओ कॉल लावला. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून फोन शिलाई मशीनला टेकवला. पडद्यावर पिकल्या केसांची एक बाई आली. आई तिच्याकडे परक्यासारखी बघत राहिली. मग त्या बाईने स्वतःच्या नाकाचा शेंडा चिमटीत धरून सोडला.

आईच्या हातातली कात्री गळून पडली. आणि हात जे सुटले! खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत ती बोलत होती. मावशी पोट धरून हसायला लागली. म्हणजे माझी आई विनोद करत होती!

“ते नाक धरणं काय रे?” मी पलीकडच्या मावसभावाला विचारलं.

त्याने मावशीकडून खाणाखुणांनी समजून घेऊन सांगितलं, “ते तुझ्या आईचं नाव आहे, ताई. लहानपणी तिला बारा महिने सर्दी असायची म्हणे.”

आईला आणखी एक नाव होतं, आणि घरात कुणाला पत्ताच नव्हता.

मग रोजचंच झालं. भांडणंसुद्धा. आई रागावली की डोळे घट्ट मिटायची. मावशीची बडबड तिथेच बंद!

एकदा अख्ख्या भागाचं नेटवर्क गेलं. काळा पडदा बघून आईने जेवण सोडलं. तिला वाटलं, मावशी गेली. कितीही खुणा केल्या तरी पटेना. शेवटी तिला गच्चीवर नेलं. सगळे शेजारी फोन उंच धरून रेंज शोधत होते. आईने एकेकाचा चेहरा पाहिला आणि सगळ्यांचेच फोन बंद आहेत हे तिला उमगलं. सुटकेने रडली.

संध्याकाळी नेटवर्क आलं. चहूकडून “हॅलो, हॅलो” सुरू झालं. आईने फोन कठड्यावर उभा केला. पलीकडे मावशीचे हात दिसले आणि दोघी सुटल्याच. बघता बघता गच्चीवरची माणसं बोलायची थांबली.

शेजारचे काका फोन कानाला तसाच धरून म्हणाले, “वहिनी एवढं बोलतात?”

“काका,” मी म्हटलं, “ही तर नुसती चौकशी चाललीय.”