सोयाच्या सरसाची होडी

आमच्या गावात ज्याच्या घरी प्लायवुडच्या कारखान्याचा भाग, म्हणजे शेअर, आहे, त्याने दुसऱ्या कारखान्याची फळी दारात आणायची नाही. असं कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण पाळतात सगळे. माझं जेवणाचं टेबल आमच्या प्लायवुडचं, कोंबड्यांचं खुराडं आमच्या प्लायवुडचं, नवऱ्याची शवपेटीसुद्धा. त्याने अजून तक्रार केलेली नाही.

कारखाना आमचा म्हणजे खरंच आमचा. फिनलंडहून वॉशिंग्टनच्या या खाडीकाठी आलेल्या माणसांनी भाग घालून तो उभा केला, आणि ज्याचा भाग त्यालाच तिथे काम. नवरा गेल्यावर त्याचा भाग माझ्या नावावर आला. लोकांना वाटलं, लेम्पी आता भाग विकून घरी बसेल. मी दुसऱ्या दिवशी त्याचेच हातमोजे घालून सरसाच्या रुळांपाशी उभी राहिले.

आमचा सरस सोयाबीनचा. तेल काढून उरलेलं पीठ पाण्यात कालवायचं, त्यात चुना आणि कॉस्टिक सोडा घालायचा, की कच्च्या डाळीच्या वासाचं घट्ट पिठलं होतं. लाकडाचे पातळ पदर त्याच्या रुळांमधून काढायचे, एकावर एक रचायचे आणि सगळी थप्पी एकदम दाबाखाली द्यायची. बोटं जळतात, नखं पिवळी पडतात, पण फळी अशी धरते की करवत रडते. फक्त घरातली फळी. पाण्यातली नव्हे, हे इथल्या पोरासोरांना ठाऊक होतं. पाण्यातल्या फळीला तांबडा सरस लागतो, आणि तापवून दाबायचं यंत्र लागतं. ते नदीपलीकडच्या कारखान्यात होतं. आमच्याकडे नव्हतं.

युद्ध संपून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा आमचा चेअरमन काउको याने पिठल्यात कसलीशी नवी पूड घालायला लावली. म्हणाला, "आता हा सरस पाण्यालाही भीत नाही." भागधारकांतले तरुण तापत्या यंत्रासाठी हटून बसले होते, काउकोला ते नको होतं. माझा मुलगा ताउनो तेव्हा होडी बांधायला काढत होता. काउकोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आपल्या फळीची बांध. जोहानुसच्या दिवशी सगळ्यांसमोर पाण्यात सोडू. मग बघतो कोण तोंड उघडतं."

जोहानुस म्हणजे आमचा ऐन उन्हाळ्यातला सण. काठावर मोठी होळी पेटते. नवी होडी असली तर त्याच दिवशी पाण्यात जाते, आणि पहिल्या फेरीला घरच्या बाईला बसवून खाडीच्या तोंडापर्यंत नेतात. तिथे वाळूच्या बांधावर समुद्र फुटतो. ती जागा भल्याभल्यांची खोड मोडते.

ताउनो वसंतभर घराशेजारच्या छपरीत राबला. होडी देखणी झाली, ते मला कबूल करावं लागेल. रंगाचे तीन हात दिले. कारखाना सोडून स्वतःच्या होडीने सॅमन मासे धरायचे, हे त्याच्या मनात लहानपणापासून होतं.

होडीच्या फळीचाच एक उरलेला तुकडा मी सौनातल्या पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून टाकला. आमच्याकडे शनिवारी सगळं घर त्या लाकडी खोलीत तापल्या दगडांच्या वाफेत बसतं. पुढच्या शनिवारी झाकण पिंपात पडलेलं दिसलं. उचललं तर वरचा पदर माझ्या हातात आणि बाकीचे पाण्यात. भिजल्या पावासारखे.

तो तुकडा मी ताउनोच्या पुढ्यात आदळला. "हे बघ तुझं जहाज."

त्याने बघितलं आणि ब्रश पुसत राहिला. "याला रंग कुठे होता, आई?"

"रंगावर बसून जाणार आहेस का समुद्रात?"

"तीन हात दिलेत. कडाही बुजवल्यात."

"आणि तळ वाळूला घासला की?"

"तू वीस वर्षं हाच सरस लावलास. आता तुझाच त्याच्यावर विश्वास नाही?"

"विश्वास आहे. टेबलावर आहे, तुझ्या बापाच्या पेटीवर आहे. बाबा रे, तळ तेवढा काढ, पलीकडून तांबडी फळी आण."

"पलीकडून?" तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "काउकोकाकांना काय तोंड दाखवू? आणि तूच ना म्हणायचीस, दुसऱ्याची फळी दारात आणील त्याला जेवायला वाढणार नाही?"

म्हणत होते खरी. मी तो तुकडा उचलला.

मग काउकोकडे गेले. त्याने कॉफी ओतली, वेलदोड्याचा पाव पुढे सरकवला आणि तुकडा उलटसुलट करून पाहिला. "वहिनी, सौनाचं पाणी गरम. समुद्राचं गार."

"भावजी, तुमचं डोकं त्याहून गार. पहिल्या फेरीला तुम्ही बसाल?"

"मी कसा बसेन? मान घरच्या बाईचा."

घरची बाई म्हणजे माझी सून हेल्वी. पाचवा महिना चालू होता. ती तोंडातून शब्द काढायला पैसे पडतात अशातली, त्या संध्याकाळी बटाटे सोलता सोलता म्हणाली, "आई, मी बसू का?"

"तुला काय वाटतं?"

"नाही म्हटलं तर ह्यांना सगळ्यांसमोर खाली पाहावं लागेल." एक बटाटा सोलून झाला. "म्हणून तुम्हाला विचारते."

सणाच्या आदल्या दिवशी पुरुष होळीची लाकडं गोळा करायला काठावर गेले. मी बागेची नळी ओढत छपरीत नेली, होडीत टाकली आणि नळ सोडला. हेल्वी दारात उभी राहून बघत होती. ती मला थांबवायला आली नाही, नळीला हातही लावला नाही. पाणी काठोकाठ झालं तेव्हा मी नळ बंद केला आणि होडीवर ताडपत्री ओढली.

सकाळी होडी उचलायला दहा-बारा जण आले. काउको नवा कोट घालून पुढे. ताउनोने ताडपत्री काढली. निम्मं पाणी खाली उतरलं होतं. तळाची फळी कण्याजवळ फुगून फाटली होती, आणि रंगाच्या सालीतून लाकडाचे पदर एकावेगळे एक बाहेर आले होते. एका तरुणाने काउकोकडे पाहिलं. काउकोने टोपी काढून हातात धरली, कुणाच्या मातीला आल्यासारखी.

"नळी मी लावली," मी म्हणाले. "तळ इथेच फुटला. हेल्वीखाली नाही फुटला."

ताउनो माझ्याकडे बघत नव्हता. तो होडीच्या बाजूंवरून तळवा फिरवत पुढून मागे गेला, मागून पुढे आला. सगळीकडे दाबून पाहिलं.

"बाजूंनी धरलंय," तो म्हणाला. मग अगदी सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं, "होडीच्या बाहेर पाणी असतं, आई. आत नसतं. आतून मी रंगाचा एकच हात दिला होता."

मला हे माहीत नव्हतं.

आमच्याकडे जोहानुसच्या होळीत जुन्या होड्या जाळतात. ही नवी होती. त्याने स्वतः ओढत नेली, कुणाला हात लावू दिला नाही. एका बाजूची फळी मात्र आधी कापून घेतली. सोयाचा सरस जळताना करपलेल्या भाकरीचा वास येतो. हेल्वी माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा हात धरला नाही, आणि त्याच्याकडेही गेली नाही.

शरदात भागधारकांनी हात वर करून तापतं यंत्र मंजूर केलं. माझाही हात वर होता. ताउनो दुसऱ्याच्या होडीवर नोकर म्हणून जातो, ती तांबड्या सरसाची आहे. नात झाली. रविवारी तो तिला घेऊन येतो, माझ्या टेबलावर जेवतो, मीठ मागतो, हवेबद्दल बोलतो.

कापलेली ती फळी त्याने सौनाच्या बाहेरच्या भिंतीवर ठोकली आहे, पागोळ्या पडतात बरोबर तिथे. कशासाठी ते सांगितलं नाही. इथे वर्षातले बहुतेक दिवस पाऊस. पिंप भरायला जाते तेव्हा मी त्या फळीच्या कडेला पदरांमध्ये अंगठ्याचं नख घालून बघते.

अजून सुटलेली नाही.