लाकडी जबडे

"बाबा, मागची खोली रिकामी केलीय. सुतारकामाचं टेबल टाकलंय. आता व्हाइस कुठला घ्यायचा ते तुम्ही सांगायचं," लेक फोनवर म्हणाली. गुरुजींना आनंद व्हायला हवा होता. झाला तो अर्धाच.

गुरुजींनी चौतीस वर्षं शाळेत मुलांना सुतारकाम शिकवलं. एकाही मुलाच्या बोटाला कधी टाका पडला नाही, हे ते चारचौघांत सांगत. शाळेत लाकूड दोन जबड्यांत आवळून धरणारे बारा व्हाइस होते. घरी एकही नव्हता. घरी मुलगी होती. "धर गं जरा," म्हटलं की नऊ वर्षांची पोर फळीवर दोन्ही हात दाबून उभी राहायची, श्वास रोखून.

एका दुपारी करवत उडाली आणि तिच्या डाव्या हाताच्या तर्जनीत शिरली. रक्त बघून गुरुजींच्या तोंडून निघालं, "हललीस ना? तरी सांगत होतो." पोर रडत म्हणाली, "हो, हलले." तीन टाके पडले, बोटाचं टोक कायमचं वाकडं झालं. बोट बरं झाल्यावर गुरुजींनी तिचं नाव ठेवलं, चुळबुळ. घरात तेच रुळलं.

ती हलली नव्हती. दारात शेजारचे काका आले होते, गुरुजींनी मान वळवून "या, या" म्हटलं आणि हात चालूच ठेवला. एवढंच घडलं होतं. हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस आज सकाळी इस्त्रीचा सदरा घालून लेकीबरोबर हत्यारांच्या दुकानात निघाला होता.

दुकानदाराने दोन व्हाइस फळीवर मांडले. "हा लोखंडकामाचा, टेबलावर बसतो. मगरमिठी मारतो बघा. फक्त मगरीचे दातही उमटतात. आणि हा लाकडाचा, टेबलाच्या कडेखाली बसतो."

"मला मगरच द्या," लेक हसून म्हणाली. "मी हलते, निदान तो तरी हलायला नको. हे बघा लहानपणीचं बक्षीस." तिने वाकडं बोट नाचवलं. "अहो, माझी लेक झाली तेव्हा वर्षभर मी तिला उभ्याने उचललं नाही. खाली बसायचं, मांडीवर उशी घ्यायची, मग बाळ. न जाणो, हलले तर?"

दुकानदार हसला. "बाई, आमच्या घरी उलटं आहे. मी हलतच नाही, म्हणून बायको ओरडते."

गुरुजींनी उगाचच एका व्हाइसचा दांडा गरागरा फिरवला. इतक्या वर्षांत उशीची गोष्ट त्यांनी कधी ऐकली नव्हती.

दुकानदार गुरुजींकडे वळला. "काका, तुम्ही बोला. कुठला?"

गुरुजींनी घसा खाकरला. शिकवायचं म्हटलं की त्यांचा आवाज ताळ्यावर येई. "जबडे उघडायचे आणि पुढचा जबडा हाताने हलवून बघायचा. लटलटला तर नको. मग एका टोकाला फळी पकडायची. दुसऱ्या टोकाला जबडा तिरका झाला तर तोही नको. जास्त आवळतो तो चांगला, असं नसतं गं. धरलेल्यावर ओरखडा उमटू न देता धरतो, तो चांगला." शेवटचं वाक्य त्यांचं त्यांनाच लागलं. त्यांनी लाकडाचा व्हाइस पुढे सरकवला. "हा. आतून लाकडाच्या पट्ट्या लावू."

दुपारी तो टेबलाला बसवला. लेकीने दोन्ही जबड्यांवर पट्ट्या ठोकल्या, पॉलिश पेपरने घासल्या. तिचा हात कसा स्थिर होता, हे गुरुजी बघत राहिले. पट्ट्या चढवून झाल्यावर ती म्हणाली, "पहिला काप तुम्ही घ्या, बाबा."

त्यांनी फळी पकडली, जबड्याच्या अगदी शेजारी पेन्सिलीने रेघ मारली. "तू लांब उभी राहा. आणखी मागे. आता फळीकडे बघ." चार वेळा करवत पुढेमागे झाली, तिने लाकडात वाट धरली. मग गुरुजींनी मान दाराकडे वळवली आणि रिकाम्या दाराला म्हणाले, "या, या, बसा." हात चालूच होता. करवत वाटेतून उडाली आणि नव्याकोऱ्या पट्टीत रुतली.

"अहो बाबा, काय करताय? आत्ताच बसवली ती."

"फळी हलली का?"

"नाही."

"मग करवत का उडाली?"

"तुम्ही तिकडे बघत होतात म्हणून." ती थांबली. "दारात कोणी नाहीये, बाबा."

"आज नाही. त्या दिवशी होते. शेजारचे काका."

"ते नंतर आले ना? त्यांच्याच स्कूटरवरून आपण दवाखान्यात गेलो."

"आधी," गुरुजी म्हणाले. "आधीच आले होते."

ती पट्टीवरच्या कापाकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "आणि चुळबुळ?"

"ते मीच ठेवलं. तू हलली नव्हतीस. जराही नाही." पुढचं वाक्य त्यांनी रात्रभर घोकलं होतं. ते आलंच नाही.

'जाऊ द्या हो बाबा,' असं ती म्हणेल, हा धीर त्यांनी मनाशी धरला होता. ती तसं म्हणाली नाही. म्हणाली, "वर्षभर मी तिला उभ्याने उचललं नाही." दुकानातलंच वाक्य. या वेळी हसणं नव्हतं.

मग तिने पट्टीतली करवत सोडवून हातात घेतली.

"ते टोक लोंबतंय. धरा."

गुरुजी वाकले. दोन्ही हातांनी फळीचं टोक धरलं.

"हलू नका," लेक म्हणाली.

त्यांनी श्वास रोखला. करवत रेघेवरून खाली येत राहिली. तिने ना दाराकडे पाहिलं, ना त्यांच्याकडे. तुकडा सुटून हातात आला, तरी गुरुजी तो तसाच धरून उभे राहिले.