चपला काढायची जागा

"आजी, चपला राहू द्या पायात. इथं काढत नाहीत," गाईड म्हणाला.

"अंदर मानूस निजला हाये म्हनता ना तुमी?" लीलाबाईंनी विचारलं. "मंग?"

जुन्या गोव्याच्या बॅसिलिका चर्चच्या दाराशी लीलाबाईंच्या चपला एकावर एक, एकट्याच राहिल्या. त्यांच्या मुलाला, अनुपला, चारचौघांत ओशाळल्यासारखं झालं. भंडाऱ्याला शाळेत मास्तर होता तो. आईला मोठ्या हौसेने गोवा दाखवायला आणलं होतं, पण समुद्राकडे ती पाठ करून बसली होती. पाण्याशी तिचं जुनं वाकडं होतं.

इथे मात्र लीलाबाईंना चौकशांचं भरतं आलं. अंगणवाडीत मदतनीस म्हणून अठ्ठावीस वर्षं पोरांच्या प्रश्नांना तोंड दिलेली बाई, आता विचारायची पाळी तिची होती. बाहेरच्या भिंतीला पलस्तर काहून नाही? एवढं सोनेरी नक्षीकाम पुसते कोण? शिडी लावते, का बांबूले फडकं बांधते? असलं त्या गाईडला आजवर कुणी विचारलं नसावं. तोही खुलला.

"ती वर चांदीची पेटी दिसते ना, त्यात संतांचा देह आहे. साडेचारशे वर्षं होऊन गेली. दहा वर्षांतून एकदा दर्शनाला खाली आणतात."

"आमच्याकडं दीक्षाभूमीले अस्थीचं दर्शन असते. लाइनीत उभी राहिली हावो मी," लीलाबाई म्हणाल्या. "पन हा मानूस मेला कुठं?"

"चीनजवळ एका बेटावर. तिथंच पुरलं. मग उकरून मलाक्क्याला नेलं, तिथं पुन्हा पुरलं, पुन्हा काढलं आणि जहाजातून इथं आणलं."

लीलाबाईंना आपलं जुनं गाव आठवलं.

गोसीखुर्दच्या धरणात त्यांचं गाव गेलं, तेव्हा विहारातली बुद्धमूर्ती ट्रॅक्टरमध्ये गादी अंथरून नव्या गावठाणात नेली होती. लोकांनी दारं नेली, चौकटी नेल्या, छपरावरचे कवेलू नेले. लीलाबाईंनी तर चुलीचे दगडसुद्धा सोडले नाहीत. नदीकाठच्या मसणवटीत पुरलेला त्यांचा नवरा, चिंधू, तेवढा मागे राहिला. एकदा त्यांनी नणंदेपाशी विषय काढून पाहिला होता. "मेलेल्याले हालवाचं नसते," कुंताबाई म्हणाली, आणि विषय मिटला. मग पाणी चढलं. आपण दगड आणले आणि माणूस सोडून आलो, हे त्यांना तेव्हापासून खात होतं.

"त्याले उकरलं कोनं? घरच्यायनं?"

"घरचं कुणी नव्हतं तिथं, आजी. जहाजावरच्या लोकांनी."

"परक्यायनं केलं," लीलाबाई हळूच म्हणाल्या. "आन् मी घरची असून मले जमलं नाई."

"काय म्हनून राहिली तू, आई?"

"तुह्या बाबाची गोष्ट करून राहिली गा."

अनुपने पेटीकडे पाहिलं. "आता कसं काढता येईन? किती पानी हाये त्याच्यावर."

"काढाचं नाई मले. दर्शन तं घेता येते."

गोव्याहून परतल्यावर चौथ्या दिवशी मायलेक गावच्या नत्थूच्या डोंग्यात बसले. नत्थू धरणात मासे धरायचा. कोणत्या बुडालेल्या झाडात जाळं अडकतं, हे त्याला पाठ होतं. सकाळचं पाणी शांत होतं. बऱ्याच वेळाने त्याने वल्हं थांबवलं.

"चिचेचं झाड इथं होतं, मामी. ही मसनवटी."

लीलाबाई काठाला धरून वाकल्या. गढूळ पाण्यात काही दिसत नव्हतं, तरी त्या पाहत राहिल्या. मग सावकाश त्यांनी पायातल्या चपला काढल्या आणि एकावर एक ठेवल्या.

"राहू द्या ना मामी, डोंग्यात पानी हाये. पाय ओले होतीन."

"होऊ दे."

अनुप खाली वाकला आणि आपल्या बुटांच्या नाड्या सोडू लागला.